दोन तारा, एकच वाट

मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात सकाळी ओपीडी उघडल्यापासून रात्रपाळी संपेपर्यंत जी संगणकयंत्रणा अखंड चालू राहावी लागते, तिच्या रचनेत यंत्रे किती वेगवान आहेत याहून मोठा प्रश्न असा असतो की, कोणती एकच गोष्ट बंद पडली असता बाकी सगळे धडधाकट असूनही काम ठप्प होईल. अशा गोष्टीला संगणकाच्या क्षेत्रात ‘सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर’ म्हणतात. म्हणजे असा घटक, ज्याला पर्याय नाही आणि ज्याच्यावर इतर सर्वांचा भार आहे. असे घटक शोधून काढणे आणि प्रत्येकाला खरोखर उपयोगी पडेल असा जोडीदार देणे, हे ‘हाय अव्हेलेबिलिटी’ म्हणजे सतत उपलब्ध राहणाऱ्या यंत्रणा उभारणाऱ्यांचे मुख्य काम आहे. वरकरणी ते सोपे वाटते, कारण एकाच्या जागी दोन वस्तू ठेवल्या की भागले, असा समज होतो. या समजानेच अनेक मोठ्या संस्थांना खाली बसवले आहे.

दिल्लीच्या उत्तर भागातील रिज नावाच्या टेकडीवरचे हिंदूराव रुग्णालय मराठी वाचकाला नावामुळे जवळचे वाटावे. बायजाबाई शिंदे यांचे बंधू हिंदूराव घाटगे यांचे येथे घर होते, 1857 च्या दिल्लीच्या वेढ्यात इंग्रजांच्या फळीची उजवी बाजू या घरावर टिकून होती, आणि आज त्या परिसरात महानगरपालिकेचे मोठे रुग्णालय आहे. अशा एखाद्या रुग्णालयातील केसपेपरचा संगणकातील प्रवास पाहिला, तर प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट होते. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने रुग्णाचे नाव टंकले की ती नोंद मजल्यावरच्या नेटवर्क स्विचमधून इमारतीच्या मुख्य केबलवर जाते, तेथून सर्व्हरच्या खोलीतील लोड बॅलन्सरकडे, म्हणजे आलेली कामे वेगवेगळ्या सर्व्हरांत वाटून देणाऱ्या यंत्राकडे पोहोचते, त्याच्यामागे उपयोजन चालवणारा सर्व्हर, त्याच्यामागे डेटाबेस आणि सर्वांत शेवटी प्रत्यक्ष नोंदी साठवणारा स्टोरेज असतो. या सहाही टप्प्यांतील प्रत्येक घटक वर्षातील 99.9 टक्के वेळ चालू राहतो असे धरले, तर एकेकट्याची वर्षाची खंडित वेळ पावणेनऊ तासांच्या आसपास येते. परंतु सहा घटक एकामागे एक असल्याने कोणताही एक बंद पडला तरी खिडकी बंद पडते, आणि साखळीची एकूण खंडित वेळ वर्षाला 52 तासांच्या वर जाते. उत्तम प्रतीच्या यंत्रांचीही साखळी लांबली की भरवसा असा घटत जातो.

याला उतारा म्हणजे समांतर जोडी. 99 टक्के भरवशाचे, म्हणजे वर्षाला साडेतीन दिवसांहून अधिक काळ बंद राहू शकणारे दोन साधे सर्व्हर शेजारी ठेवले आणि दोघांपैकी एक चालू असला तरी काम भागत असेल, तर दोघेही एकाच वेळी बंद असण्याची शक्यता दहा हजारांत एक इतकी होते आणि वर्षाची खंडित वेळ सुमारे 53 मिनिटांवर येते. मात्र हे गणित एका अटीवर उभे आहे: दोघांच्या बिघाडांचा एकमेकांशी काहीही संबंध नसला पाहिजे. प्रत्येक सर्व्हरच्या बिघाडांपैकी अवघे एकदशांश बिघाड दोघांना एकाच कारणाने होत असतील, तरी 53 मिनिटांची ती वेळ नऊ तासांच्या वर जाते. दुसरे यंत्र विकत घेण्यास पैसे लागतात. ते पहिल्यापासून स्वतंत्र ठेवण्यास बारीक लक्ष लागते, आणि हे दुसरे काम अधिक अवघड आहे.

सर्व्हरच्या मागच्या बाजूला पाहिले तर याचे सर्वांत साधे उदाहरण दिसते. चांगल्या सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय असतात आणि दोघांच्या दोन वेगळ्या केबली असतात. एक जळाला तर दुसऱ्यावर यंत्र चालू राहावे, हा हेतू. परंतु रॅक भरताना घाईत दोन्ही केबली शेजारच्या एकाच वीजपट्टीत खोचल्या गेल्या, किंवा वीजपट्ट्या दोन असल्या तरी त्या एकाच यूपीएसवर आल्या, तर दुसऱ्या पॉवर सप्लायला अर्थ उरत नाही, कारण बिघाडाचे एकमेव ठिकाण नाहीसे न होता केवळ एक पायरी मागे सरकलेले असते. म्हणून शिस्तीच्या डेटा सेंटरमध्ये अ आणि ब असे विजेचे दोन मार्ग यूपीएसपासून वेगळे ठेवतात, केबलींना वेगळे रंग देतात, आणि प्रत्येक सर्व्हरची एक केबल अ मार्गावर व दुसरी ब मार्गावर आहे, याची तपासणी केबलीवर हात फिरवून करतात.

वीज आणि केबली यांच्यापेक्षा अवघड प्रश्न निर्णयाचा आहे. एकाच कामासाठी एकत्र बांधलेल्या सर्व्हरांच्या गटाला क्लस्टर म्हणतात आणि त्यातील प्रत्येक सर्व्हरला नोड म्हणतात. नोड एकमेकांना ठरावीक अंतराने ‘हार्टबीट’ नावाचा छोटा संदेश पाठवत राहतात. तो येणे थांबले की दुसरा नोड काम स्वतःकडे घेतो, आणि या हस्तांतराला फेलओव्हर म्हणतात. अडचण अशी की, संदेश थांबणे आणि जोडीदार बंद पडणे या एकच गोष्टी नाहीत. दोघांमधली तार तुटली तरी संदेश थांबतात, आणि अशा वेळी दोन्ही नोड धडधाकट असून प्रत्येकजण दुसरा गेला असे मानून स्वतःला मुख्य समजू लागतो. या अवस्थेला ‘स्प्लिट ब्रेन’ म्हणतात. रुग्णालयाच्या नोंदीत तिचा अर्थ असा की, एकच क्रमांक दोन वेगळ्या रुग्णांना मिळतो, एका प्रतीत रक्ताचा अहवाल लागतो आणि दुसऱ्या प्रतीत लागत नाही, आणि कोणती प्रत खरी हे नंतर माणसांनी बसून ठरवावे लागते. यंत्रणा काही वेळ बंद राहण्यापेक्षा हे अधिक घातक आहे.

त्यामुळे दोन नोडांचा क्लस्टर अपुरा मानला जातो आणि तीन किंवा पाच अशी विषम संख्या ठेवली जाते. ज्या बाजूला बहुमत आहे तिनेच काम चालू ठेवावे आणि अल्पमतातील नोडाने स्वतःहून थांबावे, असा नियम असतो. या बहुमताला कोरम म्हणतात. तिसरा पूर्ण सर्व्हर परवडत नसेल तर केवळ मत देणारे एक लहान साक्षीदार यंत्र पुरते, पण ते पहिल्या दोघांपैकी एकाच्या रॅकमध्ये ठेवले तर त्या रॅकची वीज जाताच दोन मते एकदम जातात, आणि चांगला नोडही बहुमताअभावी थांबतो. याच्या जोडीला ‘फेन्सिंग’ असते, म्हणजे काम हाती घेण्यापूर्वी नवा मुख्य नोड जुन्याचा वीजपुरवठा तोडतो किंवा त्याचा स्टोरेजशी संबंध बंद करतो, जेणेकरून अर्धवट शुद्धीतला जुना नोड मध्येच नोंदी लिहू लागणार नाही. हे सर्व असूनही फसगत होऊ शकते. 21 ऑक्टोबर 2018 रोजी गिटहब या प्रसिद्ध संकेतस्थळाच्या अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील केंद्राचा संपर्क देखभालीच्या कामात अवघे 43 सेकंद तुटला; स्वयंचलित व्यवस्थेने डेटाबेसचे मुख्यपद पश्चिम किनाऱ्याकडे नेले; तोवर दोन्ही बाजूंना अशा नोंदी झाल्या होत्या ज्या दुसरीकडे नव्हत्या, आणि त्या जुळवून सेवा पूर्ववत होण्यास 24 तास 11 मिनिटे लागली.

भारतातील सर्वांत बोधप्रद प्रकरण मुंबईचे आहे. 24 फेब्रुवारी 2021 रोजी नॅशनल स्टॉक एक्स्चेंजचे सर्व विभागांतील व्यवहार सकाळी 11.40 च्या सुमारास थांबवावे लागले आणि ते दुपारी 3.45 वाजता पुन्हा सुरू होऊन सायंकाळी 5 पर्यंत चालवण्यात आले. एक्स्चेंजने दिलेल्या स्पष्टीकरणानुसार मुख्य केंद्र आणि जवळचे पर्यायी केंद्र यांच्यामध्ये एक नव्हे, दोन दूरसंचार कंपन्यांच्या वाहिन्या होत्या. कागदावर ही जोडी निर्दोष होती; परंतु दोन केंद्रांमधल्या मार्गावर चाललेल्या खोदकामाने आणि बांधकामाने दोन्ही कंपन्यांच्या वाहिन्या अस्थिर झाल्या. कंपन्या दोन असल्या, करार दोन असले, बिले दोन येत असली, तरी कुदळीपुढे त्या दोन नव्हत्या.

एवढ्यानेही व्यवहार थांबण्याचे कारण नव्हते, कारण वाहिनी तुटली तरी मुख्य केंद्राने स्वतःपुरते काम चालू ठेवावे, अशीच रचना अपेक्षित होती. येथे दुसरे ठिकाण उघडे पडले. मुख्य केंद्रातील सामाईक साठवण यंत्रणा, जिला स्टोरेज एरिया नेटवर्क म्हणतात, सर्व्हरांना प्रतिसाद देईनाशी झाली, आणि पुरवठादाराने त्यात बसवलेले फेलओव्हरचे तर्कशास्त्र एक्स्चेंजने मागितलेल्या रचनेनुसार नव्हते, असे पुढे सांगण्यात आले. त्या साठवणीवर क्लिअरिंगचे, म्हणजे सौदे मिटवण्याचे, काम करणाऱ्या उपकंपनीची जोखीम तपासणारी यंत्रणा अवलंबून होती, आणि जोखीम मोजता येत नसताना सौदे चालू ठेवणे धोक्याचे असल्याने बाजार थांबवावा लागला. बिघाडातून वाचवण्यासाठी बसवलेला भागच येथे बिघाडाचे ठिकाण ठरला, ही बाब प्रत्येक अभियंत्याने जपून ठेवावी अशी आहे. दूरवरचे पर्यायी केंद्र असताना व्यवहार तिकडे का हलवले नाहीत, हे भांडवली बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने एक्स्चेंजला विचारले. मार्च 2021 मध्ये तिने असा नियम केला की, महत्त्वाची यंत्रणा बंद पडल्यास 30 मिनिटांत ती आपत्ती म्हणून घोषित करावी व त्यानंतर 45 मिनिटांत काम पूर्ववत करावे. या नियमाचे मोल मोठे आहे. पर्याय तयार असूनही तो वापरायचा की नाही हे ठरवणारा माणूस वाट पाहत राहिला, तर त्याचा संकोच हेच बिघाडाचे एकमेव ठिकाण होते.

दुरुस्तीच्या काळात जोडी आपोआप सुटते, याकडेही दुर्लक्ष होते. 30 जुलै 2012 रोजी पहाटे अडीचच्या सुमारास उत्तर भारताचे वीजजाळे कोसळले आणि दिल्ली अंधारात गेली. त्याआधी पश्चिम व उत्तर विभागांना जोडणाऱ्या अनेक वाहिन्या बंद होत्या, काही सुधारणेच्या नियोजित कामासाठी, आणि बीना ते ग्वाल्हेर व पुढे आग्रा ही 400 केव्हीची एकच मुख्य वाहिनी उरली होती. ती बंद पडल्यावर आधार राहिला नाही. सर्व्हरच्या क्लस्टरमध्येही एक नोड दुरुस्तीसाठी काढला की तेवढ्या काळापुरता तो क्लस्टर नसतोच, आणि म्हणूनच जाणकार संस्था एक बिघडलेला आणि एक दुरुस्तीला काढलेला अशा दोहोंना पुरेल इतकी तजवीज ठेवतात.

दिल्लीतील एम्समध्ये 23 नोव्हेंबर 2022 रोजी जे घडले, त्याने या विषयाची आणखी एक बाजू दाखवली. रॅन्समवेअरच्या, म्हणजे माहिती कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामच्या हल्ल्यात पाच सर्व्हरांवरील सुमारे 1.3 टेराबाइट माहिती निकामी झाली, आणि नोंदणीपासून प्रयोगशाळेपर्यंतची कामे कागदावर करावी लागली. नेटवर्कचे विभाजन योग्य नव्हते, असे सरकारने संसदेत सांगितले. म्हणजे एका भागात शिरलेल्याला दुसऱ्या भागात जाण्यापासून अडवणाऱ्या भिंती पुरेशा नव्हत्या. सर्व्हर कितीही असले तरी ते एकाच मोकळ्या जाळ्यावर असतील आणि एकाच पासवर्डने उघडत असतील, तर हल्लेखोराच्या दृष्टीने तो एकच सर्व्हर असतो. क्लस्टरमधील जोडीदाराकडे नोंदींची प्रत तत्काळ जात असल्याने बिघडलेली किंवा कुलूपबंद झालेली नोंदही तितक्याच तत्परतेने जाते, म्हणून क्लस्टर हा बॅकअपला पर्याय होऊ शकत नाही. एम्समधील ई-हॉस्पिटल या रुग्णनोंदींच्या प्रणालीची माहिती अखेर हल्ल्यातून बचावलेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून परत मिळाली आणि नव्या सर्व्हरांवर बसवण्यात आली, तरी बहुतेक कामे पूर्ववत होण्यास सुमारे दोन आठवडे गेले. सारखेपणाही असाच घात करतो: 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा प्रोग्रामची एक सदोष सुधारणा जगातील सुमारे 85 लाख विंडोज संगणकांवर पोहोचली, तेव्हा मुख्य आणि पर्यायी दोन्ही यंत्रांवर तोच प्रोग्राम असल्याने जोडीचा उपयोग झाला नाही, आणि भारतातील विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून देण्याची वेळ आली.

अशा दडलेल्या सामाईक जागा आराखड्यावर क्वचितच दिसतात. त्या चालू यंत्रणेतील एकेक घटक मुद्दाम बंद करूनच सापडतात. रुग्णालयांना हे करणे जड जाते, कारण रुग्णांची रांग थांबवता येत नाही. तरीही कमी गर्दीच्या वेळी मुख्य डेटाबेस बंद करून पाहणे, बॅकअपवरून नोंदी खरोखर परत येतात का हे तपासणे, आणि कागदावर काम करताना द्यायचे क्रमांक आधीच राखून ठेवणे, जेणेकरून नंतर ते संगणकातील क्रमांकांशी आदळणार नाहीत, एवढे तरी प्रत्येक मोठ्या रुग्णालयात झालेच पाहिजे. शेअर बाजारात असा सराव आता खऱ्या सौद्यांसह होतो. 2 मार्च 2024 या शनिवारी विशेष सत्र घेऊन पहिला भाग मुख्य केंद्रावरून आणि दुसरा पर्यायी केंद्रावरून चालवण्यात आला. नोव्हेंबर 2024 मध्ये सेबीने त्याही पुढे जाऊन नॅशनल स्टॉक एक्स्चेंज आणि मुंबई शेअर बाजार यांनी एकमेकांचे पर्यायी ठिकाण व्हावे, अशी व्यवस्था 1 एप्रिल 2025 पासून लागू होण्यासाठी जाहीर केली; एक बाजार पूर्ण बंद पडला तर गुंतवणूकदाराला हाती असलेला सौदा दुसऱ्या बाजारात मिटवता यावा, हा तिचा हेतू आहे. ही स्वतंत्र जोडी आजवरच्या उपायांत सर्वांत भक्कम म्हणावी लागेल, परंतु गुंतवणूकदार दोन्ही बाजारांपर्यंत आपल्या एकाच ब्रोकरच्या अ‍ॅपमधून आणि सर्व्हरमधून पोहोचतो, आणि पुढची तपासणी तेथूनच सुरू व्हायला हवी.