सगळी गाजरं इतकी सारखी कशी?

बाजारातली केशरी गाजरं कधी निरखून पाहिलीत? एकाच मापाची, एकाच रंगाची! त्यांतली बरीचशी संकरित असतात. म्हणजे आई एका वाणाची आणि बाबा दुसऱ्या वाणाचे. एकाचा गोडवा घ्यायचा, दुसऱ्याचा गडद रंग. आणि गंमत म्हणजे, हे सगळं जुळवायचं ते जमिनीखाली नाही, तर वर, फुलांमध्ये!

गाजराला फुलं येतात? येतात तर! पहिल्या वर्षी गाजर मुळात अन्न साठवतं आणि आपण ते खाऊन टाकतो. पण न खाता ठेवलं आणि त्याला कडक थंडी मिळाली, तर पुढच्या हंगामात उंच दांडा फुटतो. त्यावर पांढऱ्या फुलांच्या छत्र्या उघडतात. एकेका छत्रीत शेकडो फुलं. प्रत्येक फुलात पाच पुंकेसर, आणि बिया मात्र फार तर दोन.

आता अडचण बघा. फुलाला दुसऱ्या वाणाचे परागकण द्यायचे, तर आधी त्याचे स्वतःचे पुंकेसर काढायला हवेत. फूल तर तांदळाच्या दाण्याहून लहान! चिमट्याने एकेक फूल साफ करत बसलं, तर शेताला पुरेल एवढं बी मिळणार कधी?

वाट दाखवली एका रानगाजराने. १९५३ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात शास्त्रज्ञ हेन्री मंगर यांना ते सापडलं. त्याच्या फुलांत पुंकेसरांच्या जागी चक्क जादा पाकळ्या होत्या! पुंकेसर नाहीत म्हणजे पराग नाहीत, आणि चिमट्याचं कामही नाही. शिवाय हा गुण आईकडून मुलांत उतरतो. म्हणून अशा झाडांना पिढ्यान् पिढ्या चांगल्या गाजरांचे पराग दिले. मुळं चविष्ट झाली, फुलं तशीच राहिली.

आता शेतात आईच्या काही ओळी आणि शेजारी बाबांच्या ओळी लावतात. पराग पोचवतात मधमाश्या आणि इतर माश्या. बी घ्यायचं फक्त आईच्या ओळींवरून. आसपास किलोमीटरभर दुसरं गाजर फुलू द्यायचं नाही, नाहीतर भलतेच पराग यायचे!

या बियांपासून आलेल्या गाजरांच्या फुलांत पराग नसले तर? भाताला ते चाललं नसतं, कारण परागांशिवाय दाणा भरत नाही. गाजराचं मात्र आपण मूळच खातो, त्यामुळे काही बिघडत नाही.

आपल्याकडे हे काम हिमाचल प्रदेशातल्या कुलू खोऱ्यात, कटराईनला होतं. फुलण्यासाठी लागणारी थंडी तिथे आहे. भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या तिथल्या केंद्राने ‘पुसा नयनज्योती’ हे संकरित गाजर तयार केलं.

कोथिंबीर ही गाजराच्याच कुळातली. या हिवाळ्यात कुंडीत धणे पेरा आणि थोडी कोथिंबीर न खुडता फुलू द्या. मग भिंग घ्या आणि एका फुलातले पाच पुंकेसर स्वतः मोजा!