‘अनलॉक’ फोन घेताना कोणते कुलूप उघडे आहे ते पाहा

नोव्हेंबर 2020 मध्ये ‘मदरबोर्ड’ या अमेरिकन संकेतस्थळाने दिलेली बातमी आपल्यापैकी अनेकांनी तेव्हा ऐकली असेल आणि नंतर विसरलेही असतील. नमाजच्या वेळा, अजान आणि किब्ला दाखवणारे ‘मुस्लिम प्रो’ हे अॅप जगभर कोट्यवधी फोनांत आहे. ते वापरणाऱ्यांचा ठावठिकाणा ‘एक्स-मोड’ नावाच्या कंपनीकडे जात होता आणि एक्स-मोडच्या ग्राहकांत अमेरिकी लष्करासाठी काम करणारे कंत्राटदार होते. बातमी फुटल्यावर अॅपच्या कंपनीने हा व्यवहार बंद करत असल्याचे जाहीर केले. दोनच महिन्यांनी, जानेवारी 2021 मध्ये, ‘सलात फर्स्ट’ या दुसऱ्या नमाज-अॅपबद्दल तशीच बातमी आली. तिथली माहिती ‘प्रेडिसिओ’ या फ्रेंच कंपनीकडे जात होती. पुढे जानेवारी 2024 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने एक्स-मोड आणि तिची वारसदार कंपनी ‘आउटलॉजिक’ यांना संवेदनशील ठिकाणांची माहिती विकण्यास मनाई केली. त्या ठिकाणांत प्रार्थनास्थळेही आहेत.

माणूस कोणत्या मशिदीत, किती वाजता आणि किती वेळ होता, याचा बाजारात भाव होता.

आम्ही बेसा येथे राहतो. नागपूरच्या दक्षिणेला, काल-परवापर्यंत शेते होती तिथे आता फ्लॅटच्या रांगा आहेत. मोमिनपुऱ्यात किंवा ताजबागेच्या आसपास वाढलेल्या माणसाला अजानसाठी फोन लागत नाही. पाचही वेळा आवाज घरात येतो. आमच्या इमारतीत तो येत नाही. त्यामुळे घरातल्या प्रत्येक फोनवर नमाजच्या वेळेचे अॅप आहे, आणि ती बातमी आमच्यासाठी दूर अमेरिकेची राहिली नाही.

अॅपची परवानगी काढून टाका, एवढा सल्ला सगळेच देतात. तो चुकीचा नाही. पण दुकानातून आणलेल्या साध्या फोनमध्ये आपण न मागितलेली पाच-पंचवीस अॅप आधीच बसलेली असतात आणि त्यातली कित्येक काढता येत नाहीत. फोनमध्ये काय असावे हे ठरवणारे दुसरेच असतात. 28 नोव्हेंबर 2025 रोजी दूरसंचार विभागाने प्रत्येक नव्या फोनमध्ये ‘संचार साथी’ अॅप आधीपासून असावे असा आदेश कंपन्यांना दिला होता. देशभर ओरड झाली आणि 3 डिसेंबरला ती सक्ती मागे घेण्यात आली. संचार साथी ही सेवा कामाची आहे (तिचा उपयोग पुढे सांगितला आहेच), आक्षेप सक्तीला होता.

या सगळ्यातून आमच्या घरात एक बेत ठरला. फोनमधली मूळ प्रणालीच बदलायची. अँड्रॉइडचा मूळ सांगाडा सर्वांसाठी खुला आहे. तो घेऊन, त्यातली गूगलची चिकटलेली यंत्रणा वगळून, काही मंडळी स्वतंत्र प्रणाली तयार करतात. त्यांतली ‘ग्राफीन ओएस’ ही कॅनडातील ना-नफा संस्थेची प्रणाली सुरक्षेबाबत सर्वात काटेकोर समजली जाते. ‘लिनिएज ओएस’ अनेक कंपन्यांच्या जुन्या फोनांवर चालते. फोनचे आयुष्य वाढवायला ती उत्तम, पण सुरक्षेच्या बाबतीत तिची बरोबरी होत नाही. ‘कॅलिक्स ओएस’ने ऑगस्ट 2025 मध्ये काम थांबवल्याचे जाहीर केले, तेव्हा फोन घेण्यापूर्वी प्रणाली चालू आहे का तेही पाहावे लागते. आपल्याकडे आयआयटी मद्रासशी निगडित कंपनीने बनवलेल्या ‘भारओएस’चा जानेवारी 2023 मध्ये बराच गाजावाजा झाला, पण ती काटेकोर गोपनीयता लागणाऱ्या संस्थांसाठी आहे, बेसाच्या गृहिणीला ती मिळायची नाही.

ग्राफीन ओएस फक्त गूगलच्याच पिक्सेल फोनवर चालते. गूगलपासून सुटायला गूगलचाच फोन! आम्हालाही हसू आले. कारण मात्र पक्के आहे. फोन सुरू करताना सगळ्यात आधी ‘बूटलोडर’ नावाचा छोटा प्रोग्राम जागा होतो. तो दारावरचा पहारेकरी. आत शिरणारी प्रणाली खरी की कोणी छेडलेली, हे तो तपासतो. पुष्कळ कंपन्या हा पहारेकरी हलवूच देत नाहीत. काही हलवू देतात, पण मग दार कायमचे उघडे राहते आणि असा फोन आधीपेक्षा कच्चा होतो. पिक्सेलमध्ये कुलूप उघडून नवी प्रणाली बसवता येते आणि नंतर तेच कुलूप नव्या प्रणालीच्या किल्लीने पुन्हा लावता येते.

इथेच ‘अनलॉक’ या शब्दाचा घोटाळा होतो. बर्डीच्या एका दुकानात आम्ही विचारले, ‘भाऊ, हा पिक्सेल अनलॉक आहे ना?’ ‘एकदम अनलॉक. जिओ टाका, एअरटेल टाका, काही टाका.’ तो खोटे बोलत नव्हता. पण त्याचे अनलॉक म्हणजे कोणत्याही कंपनीचे सिम चालते एवढेच. भारतात विकलेले फोन बहुधा तसे असतातच. आम्हाला हवे होते ते बूटलोडरचे कुलूप, आणि ही दोन कुलपे निराळी आहेत. अमेरिकेत व्हेरायझन कंपनीकडून विकलेल्या पिक्सेलमध्ये पुढे कोणतेही सिम चालू लागते, पण बूटलोडर कधीच उघडत नाही. असे फोन पाहुण्यांच्या बॅगांतून, दुबईच्या वाटेने आपल्या बाजारात येतात. रंग, डबा, मॉडेल सगळे सारखेच, वरून काहीच कळत नाही.

ओळखायचे कसे? फोन हातात घेऊन वायफायला जोडा (दुकानात वायफाय नसेल तर आपल्या फोनचे हॉटस्पॉट द्या). सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’खाली ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा टिचकी मारा. मग ‘डेव्हलपर ऑप्शन्स’ उघडतात. तिथे ‘ओईएम अनलॉकिंग’ हे बटण शोधा. ते सरकत असेल तर फोन आपल्या कामाचा. इंटरनेट चालू असूनही ते राखाडी आणि निर्जीव दिसत असेल, तर पैसे खिशात ठेवून दुकानातून बाहेर पडा. ‘नंतर होऊन जाईल’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. ते नंतरही होत नाही. आम्हाला दाखवलेल्या तीन फोनांपैकी एकाचे बटण असेच निर्जीव होते, आणि किंमत त्याचीच सर्वात कमी होती.

आणखी एक खूण. पिक्सेल 4, 5 आणि 6 हे फोन भारतात अधिकृतपणे विक्रीला आलेच नाहीत. (4ए आणि 6ए आले होते, नावातल्या ‘ए’कडे लक्ष ठेवा.) तेव्हा कोणी पिक्सेल 6 ‘इंडियन पीस’ म्हणून दाखवत असेल तर समजून घ्या. 6ए भारतीय असला तरी आम्ही तो टाळला. त्याची बॅटरी तापण्याच्या धोक्यामुळे गूगलने जुलै 2025 मध्ये चार्जिंगवर मर्यादा घालणारे सक्तीचे अपडेट दिले. शिवाय त्याला सुरक्षेची अपडेट जुलै 2027 पर्यंतच मिळणार आहेत. पिक्सेल 8 पासून पुढच्या फोनांना सात वर्षे मिळतात. 8 ला ऑक्टोबर 2030 पर्यंत आणि 8ए ला मे 2031 पर्यंत. वापरलेला फोन घेताना कॅमेऱ्यापेक्षा ही तारीख महत्त्वाची, कारण मूळ कंपनीची अपडेट थांबली की प्रणाली कितीही चांगली असो, तिचेही हात बांधले जातात. आम्ही वापरलेला 8ए घेतला, 24 हजारांना.

चोरीच्या मालाची शंका वेगळी. *#06# दाबून 15 आकडी आयएमईआय क्रमांक काढा आणि केवायएम ही अक्षरे इंग्रजीत लिहून, जागा सोडून तो क्रमांक 14422 वर एसएमएस करा. फोन काळ्या यादीत असेल तर संचार साथीकडून तसे उत्तर येते. बिलावर हाच क्रमांक लिहून घ्या. आधीच्या मालकाचे गूगल खाते काढलेले आहे ना, हे तिथल्या तिथे पाहा.

बसवण्याचे काम भासते तितके अवघड नाही. संगणक, चांगली केबल आणि इंटरनेट पुरते. ग्राफीनच्या अधिकृत संकेतस्थळावर क्रोम किंवा एजमधून एकेक बटण दाबत जायचे. बूटलोडर उघडताना फोनमधले सगळे पुसले जाते आणि कुलूप परत लावताना पुन्हा एकदा. म्हणून फोन रिकामा असतानाच हे करावे. शेवटचे कुलूप लावायला विसरू नये, नाहीतर सगळी मेहनत वाया. यानंतर फोन सुरू करताना दरवेळी ‘वेगळी प्रणाली चालू होत आहे’ अशी पिवळी सूचना आणि एक लांब ओळख-संख्या दिसते. ती संकेतस्थळावर दिलेल्या संख्येशी ताडून पाहावी. कोणी ‘बसवून देतो’ म्हणत असेल तरी हे काम दुकानात करून घेऊ नये. ज्याने फोन तासभर आपल्यामागे हाताळला, त्याच्यावरच सगळा भरवसा येऊन पडतो.

फरक काय पडला? गूगल प्ले लागले तर टाकता येते, पण ते इतर अॅपसारखेच कोपऱ्यात बसते, घरमालकासारखे फिरत नाही. प्रत्येक अॅपला इंटरनेट द्यायचे की नाही हे आपण ठरवतो. किब्ल्याच्या अॅपला इंटरनेटची गरजच काय? नागपूरहून किब्ला जवळजवळ थेट पश्चिमेला आहे, उत्तरेकडे सुमारे आठ अंश कललेला. हे एकदा भिंतीवर खूण करून ठेवले की झाले. नमाजच्या वेळांसाठी ‘नागपूर’ हाताने निवडले की ठावठिकाणा द्यावा लागत नाही. व्हॉट्सअॅपला सगळी संपर्कयादी न देता निवडक चार नावे देता येतात. बहिणी-भावजयांचे नंबर त्यांच्या परवानगीशिवाय कोणाला देऊ नयेत, हे आम्हाला योग्यच वाटते.

अडचण बँकेची आहे. अनेक बँकांची अॅप गूगलच्या ‘प्ले इंटिग्रिटी’ चाचणीत फोन उत्तीर्ण झाला तरच चालतात आणि ग्राफीन ओएस त्या चाचणीच्या कडक पायरीत बसत नाही. काही अॅप चालतात, काही पहिल्याच पडद्यावर नकार देतात, काही आज चालतात आणि पुढच्या अपडेटनंतर नाही. आमच्या एका बँकेचे चालले, दुसरीचे नाही. ज्या घरात एकच फोन आहे आणि त्यावरच दुकानाचे यूपीआय चालते, त्या घराने या फंदात पडू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. आम्ही जुना फोन घरी बँकेपुरता ठेवला आहे. साध्या शिल्लक-चौकशीला *99# ही सेवा इंटरनेटशिवायही चालते.

सर्वात अवघड प्रश्न मात्र अब्बांचा होता. ते म्हणाले, ‘बेटा, हे सगळे ठीक. पण आपल्या पोराच्या हातात असला वेगळा फोन कोणी पाहिला तर काय समजतील?’ हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. स्पेनच्या कॅटालोनियात एका पोलीस अधिकाऱ्याने पिक्सेल फोन आणि ही प्रणाली अमली पदार्थांच्या व्यापाऱ्यांशी जोडल्याच्या बातम्या 2025 मध्ये आल्याच होत्या. आमच्यासारख्या घरांत तर ही भीती आधीपासून वस्तीला आहे. आम्ही अब्बांना सांगितले ते असे. अशी प्रणाली वापरण्यावर देशात बंदी नाही. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने, पुट्टस्वामी खटल्यात, एकमताने खासगीपण हा मूलभूत हक्क मानला. बिल आपल्याकडे आहे, सिम आपल्या नावावर आहे, फोन कोणापासून लपवलेला नाही. अब्बा स्वतःच पुढे म्हणाले की सूरह अन-नूरमध्ये दुसऱ्याच्या घरात परवानगी घेऊन, सलाम करून शिरायला सांगितले आहे आणि सूरह अल-हुजुरातमध्ये टेहळणीला मनाई आहे. फोनही घरच झाला. तरीही थोरल्या मुलाला कॉलेजसाठी साधाच फोन असावा, असा त्यांचा आग्रह राहिला आणि आम्ही तो मानला. ग्राफीनचा फोन सध्या आम्ही दोघे वापरतो.

या फोनाने माणूस अदृश्य होतो, असे कोणी सांगत असेल तर ऐकू नका. सिम आहे तोवर मोबाइल कंपनीला आपण कोणत्या टॉवरखाली आहोत ते कळतेच. जुलै 2021 मध्ये ‘सुल्ली डील्स’ आणि 1 जानेवारी 2022 ला ‘बुल्ली बाई’ या अॅपवर मुस्लिम स्त्रियांचे फोटो लिलावासारखे मांडले गेले, ते समाजमाध्यमांवरच्या उघड खात्यांतून उचललेले होते. तिथे कोणतीही प्रणाली आडवी आली नसती. मुलींच्या फोटोंबद्दल घरात बोलणे, खाती बंदिस्त ठेवणे आणि असा प्रकार घडलाच तर 1930 या क्रमांकावर किंवा पोलिसांच्या सायबर कक्षाकडे जाणे, ही कामे वेगळी आहेत आणि ती साध्या फोनवालीनेही करायची आहेत.

नवा फोन घ्यायचा नसेल त्यांनी निदान एक करावे. सेटिंग्जमध्ये ‘लोकेशन’खाली कोणती अॅप सतत ठावठिकाणा घेतात ती यादी उघडा. अम्मीच्या फोनवर त्या यादीत एक टॉर्चचे अॅप निघाले आणि एक पाककृतींचे. दोन्हींची परवानगी काढायला एक मिनिट लागले. पाककृती अजूनही दिसतात.