सोयाबीनच्या मुळांवरील गाठी

सोयाबीनच्या मुळांवरील गाठी म्हणजे ब्रॅडीरायझोबियम जापोनिकम आणि त्याच्या निकटच्या जिवाणूंनी मुळाच्या आत वसती केल्यामुळे तयार होणारी लहान, गोलसर वाढ होय. या गाठींत हवेतील नायट्रोजनचे अमोनियात रूपांतर होऊन तो वनस्पतीला मिळतो. मोबदल्यात वनस्पती जिवाणूंना पानांत तयार झालेले अन्न पुरवते. नागपूर जिल्ह्यासह विदर्भात सोयाबीन हे खरिपाचे प्रमुख पीक आहे. मात्र हे पीक जेथे प्रथमच घेतले जाते, तेथील मातीत त्याचा हा सहचर बहुधा नसतो.

शोध

द्विदल पिकानंतरचे पीक जोमदार येते, हा शेतकऱ्यांचा अनुभव फार जुना आहे. त्याचे कारण मुळांवरील गाठींत आहे, हे हेलरीगेल आणि विल्फार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनी १८८६ ते १८८८ या काळात दाखवले. १८८८ मध्येच डच शास्त्रज्ञ बायरिंक यांनी गाठींतील जिवाणू वेगळे केले. त्यांतील सावकाश वाढणाऱ्या जिवाणूंसाठी १९८२ मध्ये ब्रॅडीरायझोबियम ही स्वतंत्र प्रजाती मानण्यात आली. ग्रीक भाषेत ‘ब्रॅडी’ म्हणजे मंद.

कार्यपद्धती

सोयाबीनचे मूळ जेनिस्टीनसारखी फ्लॅवोनॉइड द्रव्ये मातीत सोडते. ती ओळखणारा जिवाणू उलट रासायनिक संकेत पाठवतो. मग मूलरोम वाकतो, जिवाणू त्यात शिरतो आणि एका सूक्ष्म नळीतून आतल्या पेशींपर्यंत पोहोचतो. तेथील पेशी विभागू लागतात व गाठ आकाराला येते.

गाठीपुढे एक पेच असतो. नायट्रोजन स्थिर करणारे नायट्रोजिनेज हे विकर ऑक्सिजनमुळे निकामी होते. पण या कामासाठी भरपूर ऊर्जा लागते आणि ती मिळवण्यास जिवाणूंना ऑक्सिजनच हवा असतो. लेगहिमोग्लोबिन हे प्रथिन हा पेच सोडवते. ते ऑक्सिजन धरून ठेवते आणि जिवाणूंना बेताबेताने पुरवते. रक्तातील हिमोग्लोबिनशी नाते सांगणाऱ्या या प्रथिनामुळेच कार्यक्षम गाठ आतून गुलाबी दिसते.

विदर्भातील संदर्भ

तूर, मूग, उडीद, चवळी यांच्या मुळांवर गाठी करणारे जिवाणू भारतीय जमिनींत मोठ्या प्रमाणावर आढळतात. मूळच्या पूर्व आशियातील सोयाबीनची निवड अधिक काटेकोर आहे. १९६०च्या दशकात जबलपूर व पंतनगर येथील कृषी विद्यापीठांनी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या सहकार्याने पिवळ्या दाण्याच्या वाणांवर काम सुरू केले, तेव्हापासून बियाण्याला जिवाणू लावणे हा लागवडीचा भाग ठरला. ज्या शेतात वर्षानुवर्षे सोयाबीन घेतले जाते, तेथे जिवाणू मातीत टिकून राहतात व बीजप्रक्रियेचा वेगळा लाभ तुलनेने कमी दिसतो.

प्रचलित शिफारशीनुसार १० किलो बियाण्यास २५० ग्रॅम जिवाणू संवर्धन गुळाच्या थंड केलेल्या पाण्यातून चोळतात, बियाणे सावलीत सुकवतात आणि लगेच पेरतात. बुरशीनाशक लावायचे असल्यास ते आधी, जिवाणू शेवटी. पाकिटातील माल सजीव असल्यामुळे साठवणुकीला महत्त्व येते: नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सियसच्या पुढे जातो, आणि उन्हात तापलेल्या पाकिटातील बरेच जिवाणू पेरणीपूर्वीच मरू शकतात. २००६ मध्ये जैविक खते खत नियंत्रण आदेशाखाली आणून जिवंत पेशींची किमान संख्या ठरवण्यात आली. परंतु कारखान्यातील मोजणी दुकानातल्या फळीवरील उष्णतेला आवर घालू शकत नाही.

भारी काळ्या जमिनीत पाणी साचल्यास गाठींना हवा मिळत नाही व पाने पिवळी पडतात. अशा वेळी युरियाचा भरघोस हप्ता दिल्यास पीक हिरवे दिसते, पण जमिनीत नायट्रोजन विपुल असला की वनस्पती नव्या गाठींची वाढ रोखते. सोयाबीनमुळे जमीन आपोआप सुपीक होते, हा समजही अर्धाच खरा आहे; दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिने असल्याने स्थिर झालेल्या नायट्रोजनचा मोठा वाटा मळणीबरोबर शेताबाहेर जातो.

गाठींची पाहणी साधारणतः फुलोऱ्याच्या सुमारास करतात. झाड उपटल्यास गाठी मातीतच तुटून राहतात. म्हणून ते मातीसह खणून काढून मुळे पाण्यात धुतात व काही गाठी कापून पाहतात. आतून पांढरी गाठ कोवळी किंवा निष्प्रभ असते, तर हिरवट किंवा तपकिरी गाठीचे काम संपलेले असते.