काचेवरचे पांढरे डाग

बोअरच्या पाण्याने गाडी धुऊन उन्हात वाळू दिली, की काचांवर पांढरट ठिपके उमटतात. या जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. साबणाने ते निघत नाहीत. त्यांना आम्ल लागते.

पांढरे व्हिनेगर आणि साधे पाणी समप्रमाणात मिसळा. गाडी सावलीत, काच थंड असताना मऊ फडके त्यात भिजवून डागांवर दोन-तीन मिनिटे ठेवा, हलके चोळा, मग भरपूर पाण्याने धुऊन लगेच कोरडे करा. रंगावर किंवा रबरी पट्टीवर व्हिनेगर ओघळले, तर तेही धुऊन टाका. ब्लीचमध्ये ते कधीही मिसळू नका. विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

जुने डाग एवढ्याने हटत नाहीत. पाण्यातल्या सिलिकाचा थर व्हिनेगरला दाद देत नाही; तिथे सेरियम ऑक्साइडचे काचेचे पॉलिश वापरतात. खरखरीत घासणीने मात्र कायमचे ओरखडे पडतात.

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे धुतल्याबरोबर मायक्रोफायबरच्या फडक्याने काच पुसणे.