सगळं हिरवं? मग एकदा मुद्दाम चुका!

उद्या सबमिशन. सीनियर्सकडून मिळालेला पायथॉनचा जुना प्रोजेक्ट तुम्ही नव्या लॅपटॉपवर रन करता आणि स्क्रीन लालेलाल! माझ्या रूममेटचं हेच झालं. मी मास कॉमची, त्यामुळे रात्रभर चहा करणं आणि प्रश्न विचारणं एवढंच माझं काम.

कारण साधं होतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या पायथॉन ३.१२ मधून ‘असर्टइक्वल्स’सारखी जुनी नावं काढून टाकलीयत. शेवटचा ‘एस’ काढला की ‘असर्टइक्वल’ चालतं. पण हात घातलाच आहे तर सगळ्या टेस्ट साध्या ‘असर्ट’मध्ये आणू, असं तिला वाटलं. असर्ट म्हणजे प्रोग्रामकडून घेतलेली हमी : २ आणि ३ची बेरीज ५च यायला हवी, नाहीतर टेस्ट नापास. फायली ढीगभर, म्हणून तिनं कोड बदलणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली. इथूनच खरी गंमत सुरू झाली.

स्क्रिप्ट पहिला स्वल्पविराम दिसला की तिथेच ओळ तोडायची. पण तो तर ‘बेरीज(२, ३)’च्या पोटातला! उपाय : कंस उघडला की एक वाढवा, बंद झाला की एक कमी करा आणि आतला कुठलाच कंस उघडा नसेल तेव्हाच तोडा. जमलं? नाही. एका टेस्टच्या मेसेजमध्ये स्मायली होती. तिचा कंस मोजला गेला आणि हिशेब पुन्हा कोलमडला. म्हणजे अवतरणातला मजकूर मोजायचाच नाही.

अशी ठिगळं किती लावणार? पायथॉनमध्ये ‘एएसटी’ नावाचं मॉड्यूल आहे. शाळेत आपण वाक्यपृथक्करण करायचो ना, तसं ते कोडचं करतं. कुठला कंस कुणाचा, हे त्याला नेमकं कळतं. फक्त त्यात कमेंट्स गळतात, तेव्हा मूळ फाइलची कॉपी ठेवा.

या चुका निदान दिसतात तरी. तिसरी दिसत नाही. स्क्रिप्टनं अट आणि मेसेज दोन्ही एकाच कंसात टाकले. पायथॉनच्या लेखी ती झाली जोडी, आणि रिकामी नसलेली जोडी नेहमीच ‘खरी’! बेरीज ५ येवो की ५०, टेस्ट पास. पायथॉनकडून यावर वॉर्निंग येते, पण पहाटे तीनला वॉर्निंग वाचतं कोण?

सगळं हिरवं झालं, आम्ही टाळी दिली. मग सहज मी विचारलं, ‘५ च्या जागी ६ टाकलं तर?’ तिनं टाकलं. तरीही हिरवंच! व्हायवाला सरांनी हेच केलं असतं तर?

तुम्हीही स्क्रिप्ट चालवली की दोन गोष्टी करा. आधी आणि नंतर टेस्टची संख्या जुळते का बघा. आणि प्रत्येक फाइलमधलं एक उत्तर मुद्दाम चुकवून बघा. लाल झालं तरच त्या हिरव्यावर विश्वास ठेवा आणि झोपायला जा.