धाडसाचा जमाखर्च

आसनगाव स्थानकावर उतरून माहुली किल्ला चढावयास निघालेल्या तरुणांची पाण्याची बोलणी आदल्या दिवशीच झालेली असतात. कोणी किती न्यावे, जास्तीचे कोणाकडे असावे, हे ठरल्यावाचून एका दिवसाची भटकंतीही पार पडत नाही. मग जेथे महिनोन्‌महिने जमीनच दिसावयाची नाही, तेथे हा हिशेब केवढा काटेकोर असावा लागेल! धाडस म्हटले की आपल्याकडे छातीचे कौतुक होते, वहीचे होत नाही. शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्यांचा अनुभव मात्र वहीलाच अग्रमान देतो.

निवृत्त व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांच्या प्रेरणेने नौदलाची ‘सागर परिक्रमा’ आकारास आली. कमांडर दिलीप दोंदे २००६ मध्ये या कामास लागले. गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ‘म्हादेई’ ही ५६ फुटी नौका बांधली गेली आणि दोंदे यांनी एकट्याने मुंबई सोडली ती १९ ऑगस्ट २००९ रोजी. ते परतले मे २०१० मध्ये. प्रवास नऊ महिन्यांचा, तयारी मात्र तीन वर्षांची!

अशा सफरीचे पहिले अंदाजपत्रक पैशाचे नसते, काळाचे असते. दक्षिण अमेरिकेच्या टोकाचे केप हॉर्न तेथील उन्हाळ्यातच, म्हणजे आपल्या हिवाळ्यात, ओलांडणे श्रेयस्कर. साहजिकच निघण्याची तारीख तेथून मागे मोजत ठरते. प्रदक्षिणेसाठी किमान २१,६०० सागरी मैल कापावे लागतात. दिवसाला १४४ मैल धरले तर १५० दिवस होतात. माणशी रोज तीन लिटर पाणी धरले तरी साडेचारशे लिटर, म्हणजे तितक्याच किलोंचे ओझे.

पैशाचे गणितही असेच फसवे. नौकेची किंमत हा खर्चाचा केवळ आरंभ होय. शिडे फाटतात, दोर झिजतात, यंत्रे खाऱ्या हवेत गंजतात. दोंदे यांनी फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनली व केपटाऊन असे चार मुक्काम घेतले. मुक्कामाला बंदराचा खर्च पडतो, परंतु तेथे दुरुस्ती होते. मुक्काम टाळावा, तर सुटे भाग व शिधा आरंभीच नौकेवर भरावा लागतो.

अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये त्याच नौकेतून विनाथांबा प्रदक्षिणा केली. अखेरच्या टप्प्यात साठ्यातील पाण्यात डिझेल मिसळले आणि उरलेले थोडे पाणी पुरवून वापरावे लागले. नियोजन संकट टाळतेच असे नाही; ते संकटात तग धरण्यापुरती शिल्लक ठेवते.

तानसा-भातसाची धरणे उशाशी असूनही उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या शहापूर तालुक्यातील गावांना पाण्याचे मोल सांगावयास नको. समुद्र न पाहिलेल्या तेथील विद्यार्थ्यालाही ही विद्या साध्य आहे. शाळेच्या सहलीचे अंदाजपत्रक शिक्षकांनी एकदा विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावे. चुकले तर चुकू द्यावे. दिवस, लिटर आणि रुपये यांत मांडता न आलेले स्वप्न किनाऱ्यालाच राहते.