नगर झाडणाऱ्यांचे आरोग्य

प्लेगच्या साथींनी गांजलेल्या होळकरांच्या इंदुरात स्कॉटलंडचे नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी दिवाळीत एक आगळी मिरवणूक काढविली. तीत प्लेगचा उंदीर व घाणीचा राक्षस यांच्या प्रचंड प्रतिमा होत्या आणि नवी पागोटी बांधलेले सफाई कामगार मानाने चालत होते. १९१८ साली गेडिस यांचा इंदूरविषयीचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यानंतर सुमारे एका शतकाने, २०१७ पासून, हेच नगर स्वच्छ सर्वेक्षणात सलग अनेक वर्षे देशात पहिले आले. या कीर्तीचे खरे धनी रात्री रस्ते झाडणारे व सकाळी दारोदार कचरा गोळा करणारे कामगार होत. मिरवणुकीतील मान एका दिवसाचा असतो. देहाचे रक्षण मात्र रोज व्हावे लागते.

झाडूने उडालेली धूळ फुप्फुसांत साचते. कचऱ्यातील काच व पत्रा यांच्या जखमेतून धनुर्वात, तर वापरलेल्या सुईतून रक्तावाटे पसरणारी कावीळ होऊ शकते. या दोहोंवर प्रतिबंधक लस आहे. जाड हातमोजे आणि बूट यांचीही जोड हवी.

सर्वांत मोठे संकट बंद गटारात असते. तेथे मैला कुजून हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू तयार होतो. तो हवेहून जड असल्याने तळाशी साचतो. थोडा असता त्याला सडक्या अंड्याचा दर्प येतो. परंतु प्रमाण वाढले की तो घ्राणशक्तीच बधिर करतो. दुर्गंधी नाहीशी झाली म्हणून निर्धास्त झालेला माणूस क्षणात कोसळतो, आणि त्याला काढावयास उतरलेला सोबतीही त्याच गतीस जातो. नाकावर बांधलेला रुमाल येथे निरुपयोगी ठरतो.

म्हणूनच २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांवाचून कोणासही गटारात वा मैल्याच्या टाकीत उतरविण्यास मनाई केली आहे. अशा मृत्यूबद्दल कुटुंबास दहा लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली ठरविले. २०२३ साली ती रक्कम तीस लाख केली. परंतु भरपाईने गेलेला जीव परत येत नाही.

यात नागरिकांचेही कर्तव्य आहे. फुटकी काच जाड कागदात गुंडाळावी, सुया बंद डब्यात वेगळ्या द्याव्यात, आणि घरची टाकी तुंबल्यास माणूस न उतरविता उपसा करणारे यंत्र बोलवावे. एवढ्या साध्या दक्षतेने एखाद्या घरचा कर्ता पुरुष संध्याकाळी सुखरूप घरी परततो.